दप्तरातले नाव : मोडीपासून संगणकापर्यंत

रावपुऱ्यातल्या टॉवरखालून आपण सगळेच जातो-येतो. १८९६ सालचा हा टॉवर महाराणी चिमणाबाईंच्या नावाचा आहे, हेही बहुतेकांना ठाऊक असते. पण कोणत्या चिमणाबाई, असे विचारले की घरातली मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. सयाजीराव महाराजांचे पहिले लग्न १८८० साली तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी झाले. सासरी त्यांचे नाव चिमणाबाई ठेवले. १८८५ साली त्या वारल्या. त्याच वर्षी महाराजांचे दुसरे लग्न देवासच्या घाटगे घराण्यातल्या गजराबाईंशी झाले आणि त्यांचेही नाव चिमणाबाईच ठेवण्यात आले. टॉवर आहे तो पहिल्या चिमणाबाईंच्या स्मरणार्थ. १९२७ साली पुण्याला अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्षा दुसऱ्या चिमणाबाई. नाव अक्षरशः एक, माणसे दोन.

उलट बाजूही आपल्याच राजवाड्यात सापडते. कवळाणे गावचे गोपाळराव १८७५ साली दत्तक आले आणि सयाजीराव झाले. दोन नावांत 'राव' सोडला तर काहीच सारखे नाही, पण माणूस एकच.

मी संगणकाची पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत लागलो, त्याला आता वीस वर्षे होऊन गेली. या वर्षांत माझा बराचसा वेळ एकाच प्रश्नात गेला आहे. दोन कागदांवर दोन नावे आहेत. ती एकाच माणसाची की दोघांची? हा प्रश्न संगणकाने निर्माण केला, असे मी सुरुवातीला समजत होतो. नंतर कळले की तो दप्तराइतकाच जुना आहे आणि आपल्या बडोद्यात तर त्याचा चांगलाच मोठा इतिहास आहे. यंदाच्या स्मरणिकेत त्याविषयी लिहावे असे वाटले.

सुरुवात मोडीपासून करू. गायकवाडी कारभाराचे जुने मराठी दप्तर मोडीत आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पणजोबांच्या वेळचे असे एखादे बाड असेल. मोडी ही घाईने लिहिण्याची लिपी. आधी लांब रेघ मारायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली लिहीत जायचे. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळत नसत. इकाराला एकच वेलांटी, उकाराला एकच उकार. शाळेत मास्तरांनी ज्या चुकांसाठी आपले गुण कापले, त्या मोडीत चुका नव्हत्याच. बालबोध लिपीत जे दोन शब्द वेगळे दिसतील, ते मोडी लिहिणाऱ्याच्या हाताखाली एक होऊन जात.

मग माणसांची गल्लत होत नसे का? होत असणार. पण ती कमी व्हावी म्हणून कारकुनाने नावाच्या अक्षरांवर सगळा भार टाकलेलाच नव्हता. नावापुढे 'बिन' किंवा 'वल्लद' लिहून बापाचे नाव येई. बाईच्या नावापुढे 'कोम' लिहून नवऱ्याचे नाव येई. मग आडनाव, जात, हुद्दा, मौजे अमुक, परगणे तमुक. वेलांटी चुकली तरी बाप आणि गाव यांवरून माणूस ओळखू येई. कोणता फरक सोडून द्यायचा आणि कोणता धरायचा, याची समज त्या पद्धतीतच मुरलेली होती.

पुढे इंग्रज आले आणि आपली नावे रोमन लिपीत गेली. तिथे नावाचे काय काय होते, याचा सर्वांत मोठा नमुना खुद्द गायकवाडांचेच आडनाव. जुन्या इंग्रजी कागदांत ते 'गुइकोवार' असे वाचावे लागेल अशा अक्षरांनी लिहिलेले आहे. नंतर 'गायकवार' झाले आणि मग शेवटच्या 'र'च्या जागी 'ड' येऊन आजचे रूप आले. आपला 'ड' साहेबाच्या कानाला 'र' ऐकू येई, त्याची ही खूण. १८७५ ते १८८२ पर्यंत बडोद्याचे दिवाण असलेले सर टी. माधवराव हे तंजावरकडचे मराठी. त्यांच्या नावातला 'राव' इंग्रजीत लिहिला जाई तो आर-ओ-डब्ल्यू या अक्षरांनी, म्हणजे आज एखादे मूल तो 'रो' वाचेल. शहराचेही तसेच. आपण म्हणतो बडोदे, गुजराती शेजारी म्हणतात वडोदरा, इंग्रजांनी केले बरोडा. १९७४ साली वडोदरा हे नाव अधिकृत झाले. तरी १९०८ साली निघालेली बँक आणि महाराजांच्या नावाचे विद्यापीठ यांनी जुने इंग्रजी रूप सोडले नाही, आणि रेल्वेच्या तिकिटावर आपले स्टेशन आजही बी-आर-सी आहे.

सयाजीराव महाराजांना या गोंधळाची जाणीव होती, असे म्हणायला आधार आहे. त्यांच्या राज्यात मराठी, गुजराती आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत काम चाले आणि फारसी-उर्दू शब्दांचा जुना साठा होताच. एकाच गोष्टीला प्रत्येक कचेरीत वेगळा शब्द असेल तर हुकूम एक निघतो आणि अंमल भलताच होतो. म्हणून त्यांनी 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा कोश करवून घेतला. तो १९३१ साली प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द देणारा तो ग्रंथ आहे. मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की हा शब्द आणि तो शब्द एकच मानायचा, हे कोणीतरी जाणत्या माणसांनी बसून ठरवले आणि लिहून ठेवले. ते आपोआप ठरत नाही.

१९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० साली गुजरात राज्य झाले. आपल्या घराण्यांच्या नावांनी तेव्हा आणखी एक वळण घेतले. ते कोणी सक्तीने दिले नाही, शेजारधर्मानेच आले. शाळेच्या दाखल्यात 'विनायकराव'चा 'विनायकभाई' झाला, 'सुमनबाई'ची 'सुमनबेन' झाली. महाराष्ट्रात आडनाव शेवटी लिहितात, इथल्या फॉर्मात ते आधी येते. 'पवार' लिहिताना पुण्याचा चुलतभाऊ डब्ल्यू घालतो, आपण व्ही. 'जाधव'मधला एच एका दाखल्यात असतो, दुसऱ्यात नसतो. आणि इथे सावध राहावे लागते, कारण गुजरातेत 'जादव' आडनावाची वेगळी घराणीही आहेत. एच गळला म्हणून प्रत्येक जादव हा जाधव होत नाही.

इतके सगळे असताना कारभार चालत होता, कारण टेबलापलीकडे माणूस बसलेला होता. मग त्या टेबलावर संगणक आला.

संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. रोमन अक्षरांना आकडे देण्याचा अमेरिकेतला जो ठराव १९६३ साली झाला आणि पुढे जगभर चालला, त्यात मोठ्या 'ए'चा आकडा ६५ आहे. छोटा 'ए' नंतर त्यात आला, त्याचा आकडा ९७. दोघांत फरक ३२चा. बी, सी, डी, प्रत्येक जोडीत फरक तोच. आपल्या डोळ्याला मोठा आणि छोटा 'ए' हे एकाच अक्षराचे दोन वेष. यंत्राला मात्र ६५ आणि ९७ हे ६५ आणि ६६ इतकेच वेगळे. नुसत्या आकड्यांवर यादी लावली तर मोठ्या 'झेड'ने सुरू होणारे झवेरी, ज्यांचा आकडा ९०, ते छोट्या 'ए'ने टाइप केलेल्या आपट्यांच्या आधी येऊन बसतात.

इंग्रजीत याला 'केस'चा फरक म्हणतात. हा शब्द छापखान्यातला आहे. खिळे जुळवणाऱ्यासमोर खणांच्या दोन पेट्या असत. वरच्या पेटीत मोठी अक्षरे, खालच्या पेटीत छोटी. पेटी म्हणजे केस. तेव्हा 'केस न पाहता तुलना करा' याचा मूळ अर्थ, खिळा कोणत्या पेटीतून उचलला ते पाहू नका. आपल्या देवनागरीत ही भानगड नाही, म्हणून आपल्याला ती सहज लक्षात येत नाही. आपल्याकडची तिची मावसबहीण म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ.

माहितीच्या साठ्याला, म्हणजे डेटाबेसला, प्रश्न विचारायची जी भाषा आहे ती १९७४ च्या सुमारास आयबीएम कंपनीत तयार झाली. तिच्यात आपण विचारतो, 'ज्या नोंदीत नाव बरोबर अमुक, ती दाखव.' यातला 'बरोबर' हा शब्द फसवा आहे. ओरॅकल आणि पोस्टग्रेस हे डेटाबेस मुळात मोठे-छोटे अक्षर वेगळे मानतात. मायएसक्यूएल आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर यांच्या नेहमीच्या मांडणीत ते एकच मानले जाते. म्हणजे प्रश्न तोच, यादी तीच, पण डेटाबेस बदलला की उत्तर बदलू शकते. हे पुस्तकात वाचलेले असते. पण त्याचा अर्थ मला एका आजींनी शिकवला.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. मासिक मदत घेणाऱ्यांची एक जुनी यादी नव्या यंत्रणेत न्यायची आणि दुसऱ्या एका यादीशी ताडून पाहायची, असे काम माझ्याकडे आले. जुना डेटाबेस मोठे-छोटे अक्षर पाहत नसे, नवा पाहत होता. एका यादीत नावे सगळी मोठ्या अक्षरांत, कारण फॉर्मवर तशी सूचना छापलेली. दुसरीत फक्त पहिले अक्षर मोठे. मी 'बरोबर' लावून प्रश्न विचारला आणि जवळजवळ कोणीच जुळले नाही. चूक लगेच कळली. दोन्हीकडची नावे आधी मोठ्या अक्षरांत करून मग तुलना करायला सांगितले. नावे भराभर जुळली. थोडी उरली, त्यांच्यापुढे 'आढळत नाही' असा शेरा पडला आणि तपास होईपर्यंत त्यांची मदत थांबली.

तिसऱ्या महिन्यात दांडिया बाजाराकडच्या एक मराठी आजी जिना चढून वर आल्या. हातात पिशवी, पिशवीत नवऱ्याच्या वेळचे सगळे कागद. मी पडद्यावर पाहून म्हणालो, "आजी, तुमचे नाव इथे नाही." त्या म्हणाल्या, "अरे, मी इथे समोर बसले आहे, आणि तू म्हणतोस मी नाही?" त्यांचे नाव दोन्ही यादींत होते. एकीत 'बाई' होते, दुसरीत 'बेन'. एकीत आडनावात एच होता, दुसरीत नव्हता. तीन महिने त्यांनी घर कसे चालवले, ते मी विचारले नाही. विचारायचे धैर्य झाले नाही, हे खरे.

त्या दिवशी संध्याकाळी थांबून मी नियम सैल केले. बाई, बेन, राव, भाई काढून टाकायचे, मोठे-छोटे कुठेच पाहायचे नाही, सगळ्या रकान्यांत. मला वाटले, आता कोणीही सुटणार नाही. आणि इथे दुसरी चूक झाली, ती पहिलीपेक्षा वाईट. यादीतला एक रकाना गुजरातीत होता, पण जुन्या फॉन्टातला. त्या काळच्या अशा फॉन्टांत साठवलेले अक्षर आतून रोमनच असे, वर फक्त गुजराती चित्राचा मुखवटा. साधी कळ दाबली की एक गुजराती अक्षर, शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की दुसरेच. म्हणजे मोठ्या-छोट्याचा जो फरक इंग्रजीत बिनमहत्त्वाचा, तोच तिथे एका अक्षराला दुसऱ्यापासून वेगळे करत होता. मी तो पुसला. एकाच गावातल्या, एका अक्षराने वेगळी नावे असलेल्या दोन बायका एक झाल्या, आणि त्यांतली एक 'दुबार नोंद' म्हणून यादीतून गेली.

ही चूक पकडली आमच्या एका ज्येष्ठ कारकुनांनी. ते निवृत्तीला आले होते आणि संगणकाला हात लावत नसत. त्यांनी कपाटातले हाताने लिहिलेले रजिस्टर काढले, दोन्ही नोंदींवर बोटे ठेवली आणि विचारले, "नवरा कोण? फळिया कोणता?" नवरे वेगळे होते, फळियाही वेगळा. पाच मिनिटांत निकाल लागला. बिन, वल्लद, कोम, मौजे हे सगळे मला त्या दोन प्रश्नांत ऐकू आले. म्हणजे तेव्हा नाही. पुढे मोडी शिकायला लागलो तेव्हा.

नावांचा हा घोळ फक्त आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत रॉबर्ट रसेल नावाच्या माणसाने १९१८ साली एका युक्तीचे पेटंट घेतले. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे, पुढचे स्वर सोडायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. साउंडेक्स या नावाने ती प्रसिद्ध आहे. १९३०च्या दशकात तिथे वृद्धांना पेन्शन देण्याचा कायदा झाला. वयाचा दाखला नसलेल्यांची नावे १८८० च्या जनगणनेत शोधायची होती, तेव्हा हीच युक्ती वापरून कार्डे लावली. गरज पाहा, आमच्या आजींचीच.

आपली नावे मी एकदा गंमत म्हणून या युक्तीत घालून पाहिली. शिंदे आणि इंग्रजांनी केलेले 'सिंदिया', दोन्हींचे उत्तर एस ५३० येते. इंग्लंड-अमेरिकेच्या नावांसाठी काढलेल्या युक्तीला ग्वाल्हेरचे घराणे बरोबर ओळखता आले! पण आपल्या गायकवाडांचे आजचे रूप जी २३० येते आणि जुनी दोन्ही रूपे जी २६०. तो साहेबाच्या कानातला 'र' इथे नडला. बरोडा आणि वडोदरा तर पहिल्याच अक्षरावर फुटतात. आणि जाधव व जादव यांना ती एकच करून टाकते. कुठल्याही युक्तीने फरक सोडायचे ठरवले की काही खऱ्या जोड्या सापडतात, काही खोट्याही जुळतात.

आता काळ बदलला आहे. मुखवट्याचे फॉन्ट मागे पडले आणि प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा मिळाला. १९९१ पासून वाढत आलेल्या या व्यवस्थेला युनिकोड म्हणतात. तिच्यात देवनागरी 'क'चा आकडा २३२५ आहे आणि गुजराती 'क'चा २७०९. फरक ३८४. 'ख' घ्या, 'ग' घ्या, 'म' घ्या, दोन लिपींतला फरक तोच ३८४. भारतीय लिपींचा आराखडा मुळात एकच धरून आकडे दिल्याचा हा परिणाम. म्हणजे रोमनमध्ये मोठ्या आणि छोट्या अक्षरात जे नाते, तेच जवळजवळ आपल्या दोन लिपींत. घरात मराठी आणि शाळेत गुजराती लिहिणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगितले तर त्यांना नक्की आवडेल. मोडीलाही २०१४ साली युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली.

पण आकडे नीट झाले तरी निवाडा उरतोच. विनायकराव आणि विनायकभाई एक की दोन, हे कोणत्याही आकड्यात लिहिलेले नाही. गोपाळरावांचे सयाजीराव झाले, हे दत्तकविधानाचा कागद सांगतो, अक्षरे सांगत नाहीत. दोन चिमणाबाई वेगळ्या आहेत, हे 'पहिल्या' आणि 'दुसऱ्या' या दोन शब्दांमुळे कळते. आज डेटाबेसमध्ये प्रत्येक माणसाला एक क्रमांक देतात, तो दुसरे काय आहे?

म्हणून दोन विनंत्या. एक, घरातल्या ज्येष्ठांचे नाव कोणकोणत्या कागदावर कसे लिहिले आहे, ते एका पानावर उतरवून ठेवा. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, सगळे. फरक असेल तर माणूस हयात असताना दुरुस्त करून घ्या. मागे राहिलेल्याला ते फार जड जाते. दुसरी, माळ्यावर मोडीचे बाड असेल तर ते रद्दीत घालू नका. वाचता येत नाही म्हणून ते निरुपयोगी नसते.

आणि माझ्यासारख्या यंत्रासमोर बसणाऱ्यांसाठी बाप्पाचीच गोष्ट. महाभारत लिहायला बसताना गणपतीने अट घातली, की माझी लेखणी थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली, की अर्थ समजल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. आमच्या यंत्रांना पहिली अट उत्तम पाळता येते. दुसरी आम्हालाच पाळावी लागते. हल्ली 'आढळत नाही' असा शेरा यादीत पडला की ती यादी मी पुढे पाठवण्याआधी छापून घेतो, आणि एकेका नावाचा नवरा कोण, फळिया कोणता, ते विचारतो. वेळ लागतो. लागू द्या. आजींनी तीन महिने वाट पाहिली होती.